रिसेप्शनच्या बोर्डावर कुठले पाच आकडे लावायचे?

सुदामानगरची_ताई (इंदूर)

नमस्कार मंडळी, जरा डोकं खायला आलेय. मी इथे एका ६० बेडच्या हॉस्पिटलात क्वालिटीचं बघते. मुळात मी रेकॉर्ड रूमची, फाइली लावणे, टीपीएवाल्यांना (विम्याचे क्लेम बघणारे) कागद काढून देणे वगैरे, मग एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) करायचं ठरलं तेव्हा सर म्हणाले फाइली तुझ्याकडेच आहेत तर क्वालिटीही तूच बघ, झालं. आता मालकांच्या डोक्यात आलंय की रिसेप्शनच्या मागे मोठा एलईडी बोर्ड लावायचा आणि दर महिन्याला त्यावर आपल्या क्वालिटीचे पाच आकडे दाखवायचे. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येतंय तेव्हापासून इथे ज्याला त्याला कशात तरी नंबर लावायचाय, तसंच हे.

त्यांची यादी अशी आहे: मृत्यूदर, ऑपरेशननंतरचं इन्फेक्शन, पेशंट सरासरी किती दिवस राहतो, पेशंट खूश किती (आमचे ९६ टक्के खूश आहेत, विचारू नका कसे), आणि डॉक्टर नर्स व्हेंटिलेटर यांची संख्या.

माझं मन काही मानत नाहीये पण मीटिंगमध्ये नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही. मृत्यूदराचंच घ्या ना, आमचा एकदम कमी येतो आणि का येतो ते मला माहितीये, पेशंट हाताबाहेर जायला लागला की सरकारी एमवाय हॉस्पिटलला नाहीतर एखाद्या मोठ्या कॉर्पोरेटला रेफर, आणि नातेवाइकांचे पैसे संपले असतील तर ते सही करून घरी नेतात, फाइलवर येतं लामा, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता गेला. तो माणूस घरी पोचल्यावर दोन तासांनी गेला तरी आमच्या रजिस्टरला तो जिवंतच. मग हा आकडा बोर्डावर लावायचा का? चांगलं माप कशाला म्हणायचं, कोणी साध्या भाषेत सांगेल का? पीपीटी नको प्लीज, पीपीटी माझ्याकडे खूप आहेत.

छप्पन_वाला_भिया (इंदूर)

ताई पाचवा आकडा बिलाचा लावा, बाकीचे चार कोणी वाचत नाही 😄

मजाक नाही करत, खरंच लावा. ॲडमिट करताना दिलेलं एस्टिमेट आणि डिस्चार्जला हातात आलेलं बिल यात किती टक्के फरक पडला. पेशंटच्या घरच्यांना हाच एक आकडा न समजावता समजतो. आणि मालकांना सांगा की हा कोणी लावत नाही, तुम्ही पहिले. पहिले म्हटलं की ऐकतील.

बडोदेकर_काका (बडोदे)

ताई, मी आयुष्यभर स्टॅटिस्टिक्स शिकवलं, हॉस्पिटलचं मला पेशंट म्हणून जेवढं कळतं तेवढंच, पण आकड्यांबद्दल बोलतो.

तुमच्या यादीत तीन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र आहेत. अव्हेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरने १९६६ साली हे वेगळं करून ठेवलंय आणि आजही सगळे तेच वापरतात: तुमच्याकडे काय आहे (बेड, मशीन, माणसं), तुम्ही काय करता (वेळेवर औषध, हात धुणे), आणि पेशंटचं शेवटी काय झालं. व्हेंटिलेटरची संख्या पहिल्या जातीतली. ती लावायला सोपी म्हणून सगळे लावतात पण ती फार थोडं सांगते. तुमच्याच मध्य प्रदेशातलं उदाहरण घ्या, जिष्णू दास आणि मंडळींनी खेड्यांमधल्या दवाखान्यांत नकली पेशंट पाठवले होते, म्हणजे शिकवून तयार केलेली माणसं, कोणी छातीत दुखतंय म्हणून जाणार, कोणी दम्याचा, कोणी घरी बाळाला जुलाबातून रक्त पडतंय म्हणून. डॉक्टरने पेशंटला पाच मिनिटंही दिली नाहीत, बरोबर निदान क्वचित झालं, आणि डिग्रीने जेवढा फरक पडायला हवा तेवढा पडलेला दिसला नाही. भिंतीवरचं सर्टिफिकेट बघून यातलं काही कळलं असतं का? नकली पेशंट हे माप मला फार आवडतं, कारण डॉक्टरला माहीतच नसतं की आपण मोजले जातोय.

आता मृत्यूदर. भागाकारात तुमची अडचण वरच्या आकड्याची आहे तशी खालच्याचीही आहे. खाली कुणाला धरायचं? फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई आकड्यांत पक्क्या, पण १८६३ च्या त्यांच्या पुस्तकात लंडनच्या हॉस्पिटलांचा मृत्यूदर ९० टक्क्यांवर छापलाय! कारण वर्षभराचे मृत्यू भागिले एका ठरावीक दिवशी जितके पेशंट ॲडमिट होते तितके. तेव्हाच त्यावरून चांगलीच भांडणं झाली. वर्षभरात आलेले सगळे पेशंट खाली धरले असते तर चित्र एकदम वेगळं दिसलं असतं. तेव्हा कुठलाही आकडा समोर आला की आधी खालची ओळ बघायची, कोण मोजले गेले आणि कोण गळाले. तुमच्याकडे लामा आणि रेफर दोघंही गळालेत. ते मृत्यूच्या शेजारी वेगळ्या रकान्यात दाखवा, निदान लपणार नाहीत.

आणि इन्फेक्शनचं, महिन्याला तुमच्याकडे गुडघ्याची समजा २० ऑपरेशनं होत असतील तर एक इन्फेक्शन झालं की ५ टक्के, पुढच्या महिन्यात शून्य. बोर्ड बघणाऱ्याला वाटणार मागच्या महिन्यात हाहाकार होता आणि आता स्वर्ग आहे, प्रत्यक्षात काहीच बदललेलं नाही. एक सोपा हिशोब लक्षात ठेवा, काहीच घडलं नसेल तर ३ ला एकूण केसेसनी भागायचं. १०० ऑपरेशनांत इन्फेक्शन शून्य, तरी खरा दर ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो. साठ बेडच्या हॉस्पिटलने एका महिन्याचा दर लावूच नये, वर्षभराची रेघ काढावी.

लष्करची_सिस्टर (ग्वाल्हेर)

काकांनी छान सांगितलं पण मला एक विचारायचंय, इन्फेक्शन शून्य म्हणजे बघितलं किती जणांचं? मी तेहतीस वर्षं वॉर्डात काढलीत, मला शून्य दिसलं की भीती वाटते.

आमच्या वेळची गोष्ट सांगते, हॉस्पिटलचं नाव नको. बेडसोरचा (एकाच कुशीवर पडून होणारी जखम) आकडा मागायचे, दर महिन्याला शून्य जायचा. पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, त्याचा तक्ता कॉटच्या पायथ्याशी अडकवलेला, ८ वाजता डावी, १० वाजता उताणा, १२ वाजता उजवी, सगळं भरलेलं. जवळ जाऊन बघा तर सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एका दमात मारलेल्या, अक्षर सुद्धा खाली खाली तिरकं होत गेलेलं. मुलींना दोष देत नाही, रात्री चाळीस पेशंटला दोघी जणी, त्या वळवणार की तक्ता भरणार, आणि विचारणारा तक्ताच मागणार. मग एक नवीन मेट्रन आल्या, त्यांनी तक्ता बघणं सोडलं. राउंडला यायच्या, चादर बाजूला करून माकडहाड आणि टाचा बघायच्या, लाल दिसलं तर बोटाने दाबायच्या. दाबल्यावर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर ठीक, दाबूनही लालच राहिलं तर बेडसोर सुरू झाला, लिहा. पहिल्या महिन्यात एकदम अकरा निघाले! वरून फोन आला की तुमच्याकडे अचानक काय झालं. झालं काही नव्हतं, बघायला लागलो होतो.

म्हणून ताई, माप असं हवं की जे पेशंटच्या अंगावर दिसतं, कागदावर नाही. आणि पहिले तीन चार महिने आकडा वाढला तर मालकांनी आरडाओरड करायची नाही हे आधीच कबूल करून घ्या, नाहीतर सगळ्या जणी पुन्हा शून्य लिहायला लागतील.

सुदामानगरची_ताई (इंदूर)

सिस्टर अगदी अगदी, निळं पेन 🙈 आमच्याकडे काळं आहे एवढाच फरक.

इन्फेक्शनचंही तेच होतंय बहुतेक, टाके काढायला पेशंट आमच्याकडे येतच नाही, खरगोन धारचा असला की तिथल्याच डॉक्टरकडे काढून घेतो, पू झाला तरी तिथेच. आमच्या शून्यात ते सगळे आहेत. आणि ते ९६ टक्के खूशवालं पण बोला कोणीतरी.

आईसोबत_पाच_दिवस (इंदूर)

९६ टक्क्यांवर मी बोलतो, मी त्या ९६ मधलाच आहे. तुमच्या हॉस्पिटलातला नाही, दुसऱ्या, पण सगळीकडे सारखंच.

आईचा गुडघा बदलला. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी नऊला डॉक्टर म्हणाले जा घरी, आणि बिल क्लिअर व्हायला संध्याकाळचे साडेपाच. टीपीएची मंजुरी यायची होती. साडेपाचला काउंटरवरच्या मुलीने एका हातात गेट पास धरला आणि दुसऱ्या हाताने टॅबलेट पुढे केला, सर फीडबॅक द्या ना, फाइव्ह स्टार द्या ना, माझं नाव पण लिहा. आता बोला, गेट पास तिच्या हातात आणि आई व्हीलचेअरवर, मी किती स्टार देणार? फाइव्ह स्टार दिले, नाव पण लिहिलं, पोरगी बिचारी चांगली होती.

घरी आल्यावर महिनाभर कोणी फोन केला नाही. तेव्हा विचारलं असतं ना तर मी खरं सांगितलं असतं: नर्सेस उत्तम, फिजिओ उत्तम, पण रक्त पातळ करायची गोळी किती दिवस चालू ठेवायची ते डिस्चार्ज कार्डावर वाचताच येत नव्हतं, मी मेडिकलवाल्याला विचारून दिली. हे कुठल्या आकड्यात येतं?

ऑर्थो_एबीरोड (इंदूर)

मी गुडघेवालाच आहे त्यामुळे वरच्या पोस्टवर काय बोलू, गोळीचं अक्षर तुमच्या सर्जनने सुधारायला हवं हे मान्य.

पण बोर्ड या कल्पनेलाच माझा विरोध आहे. आकडा आतल्या मीटिंगला असतो तेव्हा माणूस त्यावर काम करतो, तो भिंतीवर गेला की माणूस आकडा सांभाळायला लागतो. न्यूयॉर्क राज्याने १९९० पासून बायपासचे मृत्यूदर जाहीर करायला सुरुवात केली, पुढच्याच वर्षी सर्जनच्या नावानिशी ते पेपरात आले. मग काय, अभ्यास असे निघाले की जास्त आजारी पेशंट टाळले जायला लागले, काही जण दुसऱ्या राज्यात गेले. कोण घेणार रिस्की केस? इथे उद्या माझं नाव लिहून इन्फेक्शन रेट लावला तर शुगर ३०० आणि वजन ११० किलोची आजी आली की मी गोड बोलून दुसरीकडे पाठवीन, मीही माणूसच आहे.

इंग्लंडमध्ये इमर्जन्सीत चार तासांची मर्यादा होती, २००४ मध्ये ९८ टक्के पेशंट चार तासांच्या आत हलवायचे असा हुकूम. पेशंट कधी हलवले जायचे बघितलं तर चार तास संपायच्या आधीच्या शेवटच्या वीसेक मिनिटांत एकदम ढीग. आजार काय घड्याळ बघून बरे होतात का?

आणि एक, माप सुधारलं म्हणजे पेशंट सुधारला असंही नसतं. हार्ट ॲटॅकमध्ये दारात आल्यापासून बंद रक्तवाहिनी उघडायचा फुगा फुगेपर्यंत ९० मिनिटं, हे माप चांगलंच आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. अमेरिकेत चार वर्षांत ही वेळ ८३ मिनिटांवरून ६७ वर आणली, आणि हॉस्पिटलातले मृत्यू ४.८ टक्क्यांवरून ४.७ वर, म्हणजे जवळजवळ तिथेच. कारण उघड आहे, घड्याळ दारात सुरू होतं. आपल्याकडचा पेशंट रात्री पोहे जिलबी खाऊन छातीत दुखलं की गॅस समजून ओवा खातो, ईनो पितो, सकाळी सहाला येतो. ते सहा तास कुठल्याच बोर्डावर येत नाहीत.

बडोदेकर_काका (बडोदे)

डॉक्टरसाहेब, न्यूयॉर्कची अर्धी गोष्ट सांगितलीत. तिथे पेशंट किती आजारी आहे ते हिशोबात धरून काढलेला मृत्यूदर १९८९ मध्ये ४.१७ टक्के होता तो १९९२ मध्ये २.४५ झाला. त्यातलं किती खरं सुधारणं आणि किती निवडक पेशंट घेणं यावर अजून वाद आहे, पण सगळंच नाटक होतं असं म्हणता येणार नाही. आणि तुमची ११० किलोची आजी, तिच्यासाठीच तर आजारपणाचा भार धरून आकडा काढतात. तो न धरता लावलेला बोर्ड चुकीचा, बोर्ड चुकीचा नाही.

ऑर्थो_एबीरोड (इंदूर)

काका तो भार काढायला जो डेटा लागतो तो फाइलमध्ये हवा ना. आमच्या फाइलमध्ये पेशंटचं वजन सुद्धा अंदाजे लिहिलेलं असतं. ताईंना विचारा.

सुदामानगरची_ताई (इंदूर)

वजन बहुतेक सगळ्यांचं ६० असतं 😐 आणि बायकांचं ५५.

लष्करची_सिस्टर (ग्वाल्हेर)

😂😂

डॉक्टर, तुमचं पटतं पण लपवून ठेवलेल्या आकड्याने पण वॉर्ड सुधारत नाही हो, ते पण बघितलंय. नर्सिंग स्टेशनला लावा, जिथे काम करणारे बघतील. रिसेप्शनला कशाला.

आणि ताई तुमच्याकडे डिलिव्हरी होतात का? होत असतील तर सिझेरियनचा आकडा नक्की बघा, पण तो बघायचा कसा ते जरा वेगळं आहे, कारण त्यात कमी म्हणजे चांगलं असंही नाही. गरज असून केलं नाही तर बाई जाते, गरज नसताना केलं तर पुढच्या बाळंतपणाला त्रास. एनएफएचएस ५ मध्ये (सरकारचा कुटुंब आरोग्य सर्व्हे) देशभरात खाजगीत ४७.४ टक्के आणि सरकारीत १४.३. म्हणून हल्ली एकूण टक्केवारी बघत नाहीत, डब्ल्यूएचओने २०१५ पासून रॉब्सनचे दहा गट सांगितलेत, म्हणजे बायकांचे गट पाडून बघायचं, जसं पहिलटकरीण, दिवस भरलेले, बाळ एकच आणि डोकं खाली, कळा आपोआप सुरू झालेल्या, अशा बाईचं सिझर किती वेळा झालं. या गटात आकडा फुगला तर मग कोणीच सांगू शकत नाही की आमच्याकडे अवघड केसेस येतात.

आपल्या एमपीत तर घरी बाळंतपण नको, हॉस्पिटलात या म्हणून २००५ पासून जननी सुरक्षेचे पैसे मिळतात. आल्या की बायका, देशात ३८.७ टक्के संस्थेत बाळंत व्हायच्या त्या दहा वर्षांत ७८.९ झाल्या. तरी २०१८-२० मध्ये माता मृत्यू एमपीत लाख जिवंत जन्मांमागे १७३, देशाचा ९७. बाई दारापर्यंत आली हे मोजलं, आत आल्यावर रक्तस्रावाला इंजेक्शन वेळेवर मिळालं का ते त्याच जोमाने मोजायला हवं होतं.

ऑर्थो_एबीरोड (इंदूर)

सिस्टर हे मात्र एकदम मुद्द्याचं बोललात, गट पाडून बघणे. गुडघ्यालाही तसं करता येतं.

ताई, गुडघ्यासाठी माझ्याकडून एक आयती गोष्ट घ्या. ऑक्सफर्ड नी स्कोअर, बारा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ४८. पेशंटनेच भरायचा, ऑपरेशनच्या आधी एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा. रात्री दुखतं का, जिना उतरता येतो का, बाजार करता येतो का असले प्रश्न. इंग्लंडमध्ये २००९ पासून सरकारी खर्चाच्या सगळ्या गुडघ्यांना हे विचारतात. एक्सरे सुंदर आणि आजी पायरी उतरताना रडते, असं होतं कधी कधी, आणि एक्सरेवर तो फेल दिसत नाही. आपल्याकडे त्यात एक प्रश्न लोक स्वतःहून जोडतात, मांडी घालून पंगतीत बसता येईल का 🙂 त्याचं उत्तर मी आधीच नाही असं देऊन ठेवतो.

हा आकडा फार फुगवता येत नाही कारण तो भरणारा पेशंट आहे आणि गेट पास तेव्हा तुमच्या हातात नसतो.

छप्पन_वाला_भिया (इंदूर)

म्हणजे सगळं फिरून फोनवरच आलं. घरी गेल्यावर फोन करा आणि विचारा. एवढ्यासाठी न्यूयॉर्क इंग्लंड फिरवून आणलं यार.

सुदामानगरची_ताई (इंदूर)

भिया, फोन म्हणायला सोपा आहे. काल बसून मागच्या महिन्याच्या गुडघ्यांच्या आणि सिझरच्या फाइली काढल्या आणि मोबाईल नंबरचा रकाना बघितला. कुणाच्या फाइलवर मुलाचा नंबर जो पुण्याला असतो, कुणाच्या ॲम्ब्युलन्सवाल्याचा, दोघांच्या फाइलवर आमच्याच रिसेप्शनचा! फोन करायचा कुणाला?

तर सध्या मी असं ठरवलंय, मृत्यूदर काढून टाकणार, त्याऐवजी रेफर आणि लामा किती आणि कुठल्या वॉर्डातून हे फक्त आतल्या मीटिंगला. व्हेंटिलेटरची संख्या बोर्डावर राहू दे, मालकांची हौस. भियाचा एस्टिमेट आणि बिल फरकवाला आकडा मी खरंच मांडला, अकाउंट्सवाले एकदम गप्प झाले, म्हणजे त्यात दम आहे. किती दिवस राहिला हे काढलं, कारण लवकर घरी पाठवलं हे चांगलं की वाईट ते त्या आकड्यावरून कळतच नाही. आणि ऑपरेशनच्या पेशंटला तिसाव्या दिवशी फोन: जखमेतून पाणी किंवा पू आला का, दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं का, गोळ्या समजल्या का. बोर्डावर टक्के लावायचे त्याआधी हे लावणार की १०० पैकी किती जणांशी बोलणं झालं. ते ४० असेल तर ४०. काका बरोबर ना?

बडोदेकर_काका (बडोदे)

एकदम बरोबर. जे सापडले नाहीत त्यांना बरे समजू नका एवढंच. जखम चिघळलेला माणूस पण फोन उचलत नाही.

लष्करची_सिस्टर (ग्वाल्हेर)

ताई नंबर ॲडमिशनला घेऊ नका, तेव्हा घाई असते. प्रीऑपच्या (ऑपरेशनआधीच्या तयारीच्या) वेळी नर्सने घ्यावा आणि तिथेच मिस कॉल देऊन बघावा, उशीजवळ वाजला तर बरोबर. दोन नंबर घ्या, एक जो घरात पेशंटसोबत राहतो त्याचा. आणि फोन दुपारी दोन ते चार करा, सुना तेव्हा मोकळ्या असतात, ड्रेसिंग त्याच करतात, खरं त्याच सांगतात.